निवांत खेळणाऱ्यांसाठी मेटल यो-यो: डिझाईनवर मतं हवीत

लेथवाला, कुंडई

नमस्कार मंडळी. मी गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सीएनसी टर्निंगवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) आहे, शिफ्ट संपल्यावर मालक मशीन वापरू देतात त्यामुळे सध्या मेटल यो-यो बनवण्याचं काम चाललंय. बाजारात चांगले मेटल यो-यो मिळतात हे माहितीये, पण बहुतेक स्पर्धेत खेळणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, ५६ मिमी व्यास, ४४-४५ मिमी रुंदी, ६५-६६ ग्रॅम, आणि हातात घेऊन सोडला की खाली जाऊन फिरत राहतो, झटका दिला तरी वर येत नाही. ज्याला बाइंड (दोरीचा वेढा देऊन यो-यो परत आणण्याची युक्ती) येतो त्याला तेच हवं असतं. पण ज्याला संध्याकाळी गॅलरीत उभं राहून किंवा कदंबा बसची वाट बघत स्टँडवर पाच-दहा मिनिटं खेळायचंय, त्याने काय करायचं? आमच्या शॉपमध्ये ज्याने ज्याने स्पर्धेचा यो-यो हातात घेतला त्याने दोनदा फेकून, हाताने दोरी गुंडाळून परत दिला, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं कारण खेळ फार सुंदर आहे, पहिल्याच पायरीवर माणूस परत जातो.

तर माझं ड्रॉइंग असं आहे. व्यास ५५, रुंदी ३९, वजन ६२ ग्रॅमच्या आसपास. बाहेरून गोल, ज्याला ओ-शेप म्हणतात तसा, तळहातात नीट बसतो. एचई-२० बारमधून, म्हणजे ६०६१. एम४ ग्रब स्क्रूचा (बिनडोक्याच्या स्क्रूचा) ॲक्सल म्हणजे मधला आस, सी साइझ बेअरिंग, दोरी पकडणारे सिलिकॉन पॅड. तीन गोष्टींवर मत हवंय: वजन कुठे ठेवू, परत येण्याचं काय करू, आणि फिनिश कोणतं घेऊ. आपल्याकडची हवा लक्षात घेऊन सांगा.

दोरीवाला, म्हापसा

दादा विषय काढलात ते फार बरं केलंत. मी कॉलेजपासून खेळतोय आणि नवीन मुलांना शिकवतो पण, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. यो-यो डिझाईन करणारा बहुतेक वेळा चांगला खेळणारा असतो आणि तो स्वतःच्या थ्रोवर टेस्ट करतो. त्याचा थ्रो सरळ आणि जोरात असतो. नवीन माणसाचा थ्रो हळू असतो आणि वाकडा असतो, मनगट थोडं आत वळतं, यो-यो कलंडतो, कलंडला की दोरी एका बाजूच्या भिंतीला घासते, घासली की वेग जातो, आणि मग परत यायला पुरेसा वेग उरत नाही. म्हणून तुम्ही डिझाईन वाकड्या आणि हळू थ्रोसाठी करा. तो यो-यो किती मिनिटं स्लीप करतो, म्हणजे दोरीच्या टोकाला फिरत राहतो, हे निवांत खेळणाऱ्याच्या काही कामाचं नाही, ट्रपीझ (फिरता यो-यो दोरीवर उतरवायची ट्रिक) घालायला दहा-पंधरा सेकंद मिळाले तरी भरपूर आहेत.

त्यामुळे ओ-शेप चालेल पण आतून पोकळ करा. ओ-शेपमध्ये धातू मध्याजवळ राहतो. कपचा, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या खळग्याचा, आतला भाग खोल बोअर करा आणि तो धातू रिमला, म्हणजे बाहेरच्या कडेला, द्या. हिशोब बघा, ५ ग्रॅम धातू मध्यापासून १२ मिमीवर आहे तो २६ मिमीवर नेला तर त्याचं जडत्व २६ भागिले १२ चा वर्ग, म्हणजे साधारण ४.७ पट होतं. तेवढ्याच ताकदीने फेकलेला रिमजड यो-यो जरा कमी आरपीएमने फिरतो पण त्याचा अक्ष सहज कलत नाही, आणि नवीन माणसाला नेमकं तेच हवंय. फक्त एकूण वजन वाढवू नका, ६२ च्या वर नको, बोटाला कळतं.

परत येण्याबद्दल: दोन बेअरिंग द्या. एक बारीक, एक पूर्ण रुंदीची. आधी बारीक लावून रिस्पॉन्सिव्ह (झटक्याने वर येणारा) खेळतील, बाइंड जमला की रुंद बेअरिंग घालतील, यो-यो तोच. काही कंपन्या असे देतात पण.

शाळाबाई, वाळपई

मी प्राथमिकला शिकवते, मधल्या सुट्टीत मुलांना यो-यो खेळू देते त्यामुळे माझं बघणं मुलांच्या हाताच्या बाजूने आहे. ४४ मिमी रुंदीचा यो-यो दहा वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावत नाही, तो बोटांच्या टोकांनी धरतो आणि तिथेच थ्रो वाकडा होतो. ३९ ठीक वाटतंय, त्याहून कमी जमलं तर अजून चांगलं. दुसरं, कड. परत येताना यो-यो तळहातावर आपटतो, कधी बोटाच्या हाडावर. धारदार कड असेल तर मूल दुसऱ्या वेळी हात मागे घेतं, आणि एकदा हात मागे घ्यायची सवय लागली की सुटत नाही, कितीही सांगा. लेथवाले दादा, रिमला चांगली गोलाई द्याच.

आणि फरशीवर पडल्यावर काय होतं तेही बघा. टाइल्सवर पडला की कडेला खरवड उठते आणि ती बोटाला लागते.

लेथवाला

बाई, कडेला १.५ मिमीची त्रिज्या धरतो. खरवड उठली तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलकंच घासायचं, लगेच जाते, पण ती तशीच ठेवली तर दोरी पण कापते हे खरंय.

दोरीवाला, दोन बेअरिंगवर मी बसून आकडे काढले, इथे मांडतो कारण कुणाला बनवायचं असेल तर याच ठिकाणी अडकतील. सी बेअरिंग म्हणजे आपल्या बेअरिंगवाल्याकडची आर-१८८, भोक ६.३५ मिमी, बाहेरचा व्यास १२.७. शील्ड (धूळ अडवणारं झाकण) असलेली ४.७६ रुंद असते आणि बिनशील्डची ३.१८. म्हणजे बारीक घातली की गॅप (यो-योच्या दोन अर्धांमधली दोरीची फट) सरळ १.५८ ने कमी होते. दोन्ही अर्धांत बेअरिंग ०.१३ आत बसते असं धरलं तर रुंद बेअरिंगला गॅप ४.५ आणि बारीकला २.९ च्या आसपास. ४.५ ला बाइंड लागतो आणि २.९ ला झटक्याने वर येतो. इथपर्यंत छान.

आता अडचण. बेअरिंग ज्या दांड्यावर बसते तो दांडा दोन्ही अर्धांतून येतो. समजा प्रत्येक दांडा २ मिमी उंच ठेवला, तर रुंद बेअरिंगमध्ये काही प्रश्न नाही, पण बारीक घातली की २ अधिक २ म्हणजे ४ झाले, बेअरिंग ३.१८ ची, दांडे एकमेकांना आधी टेकतात आणि बेअरिंग सैलच राहते, कितीही आवळा. म्हणून दांडा १.४ च्या वर जायलाच नको. १.४ वर रुंद बेअरिंग नीट बसते का, तर बसते, पण मग त्या १.४ मिमीचा व्यास एकदम बरोबर हवा, सैल झाला की हललाच.

दुसरं, बारीक बेअरिंग घातली की दोन्ही अर्ध जवळ येतात, म्हणजे ॲक्सल प्रत्येक बाजूला ०.८ अजून आत जाणार. टॅप केलेल्या भोकात तेवढी जागा शिल्लक ठेवायला हवी, नाहीतर ग्रब स्क्रू तळाला टेकतो आणि यो-यो आवळला गेल्यासारखा वाटतो पण बेअरिंग मोकळीच. आटे किमान ६ मिमी पकडीत हवेत, ॲल्युमिनियममध्ये दीडपट व्यासाचा नियम आम्ही धरतो, कारण निवांत खेळणारा माणूस यो-यो उघडतो आणि बंद करताना जोर लावून आवळतो, आटे जातात ते इथेच.

डिचोलीकर

मी अनोडायझिंगच्या (ॲल्युमिनियमवर विजेने ऑक्साइडचा कठीण थर चढवण्याच्या) लाइनवर बरीच वर्षं काम केलंय, फिनिशबद्दल तेवढं सांगतो.

६०६१ घेतलंत ते योग्य. कुणी ७०७५ घ्या म्हणेल, ताकद जास्त आहे हे खरं, भिंत पातळ करता येते, पण त्यात तांबं दीड-दोन टक्क्यांपर्यंत असतं आणि खाऱ्या हवेत ते ६०६१ पेक्षा लवकर खराब होतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याच्या खिशात घामाने भिजलेला यो-यो, वरून मिरामारचं वारं. ६०६१ च बरं. स्टीलची रिंग बसवलेले बायमेटल यो-यो दिसायला भारी असतात आणि रिमला वजन देण्यासाठी एकदम परिणामकारक, पण ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटून, मध्ये मिठाचं पाणी, तर जोडावर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्पर्धावाला पुसून डबीत ठेवतो. निवांत खेळणारा पुसत नाही, त्याने पुसावं अशी अपेक्षाही करू नये.

कच्चा ठेवलात तर हात काळे होतात, शाळेचा युनिफॉर्म पण. तेव्हा अनोडाइझ कराच. आधी काचेच्या बारीक मण्यांनी ब्लास्ट करून घ्या, चकचकीत पृष्ठभाग घामट हाताला चिकटतो, ब्लास्ट केलेला सरकतो.

आणि महत्त्वाचं, तुमचा तो १.४ मिमीचा दांडा. अनोडायझिंगचा थर पूर्ण आत जात नाही, तिसरा हिस्सा ते निम्मा थर बाहेरच्या बाजूला वाढतो. १२ मायक्रॉनचा थर धरला तर दांड्याचा व्यास ८ ते १२ मायक्रॉनने वाढणार. म्हणजे लेथवर जी बेअरिंग बोटाने बसत होती ती परत आल्यावर पक्कड घेऊन काढायला लागेल, आणि पक्कड लावली की दांडा गेला. एक तर लेथवर तेवढा कमी ठेवा नाहीतर ती जागा झाकून द्या. झाकायला माणूस आणि वेळ लागतो, मी तुमच्या जागी व्यासात सोडेन. आट्यांचंही तसंच, टॅप थोडा मोकळा.

मिरामार_वारा

पितळेचा का नाही करत? वजन मस्त लागतं हातात.

दोरीवाला

पितळेची घनता साधारण ८.५, ॲल्युमिनियमची २.७. तिप्पट. ६२ ग्रॅममध्ये पितळेचा करायचा तर एकतर लहान होतो नाहीतर भिंत कागदासारखी पातळ होते. लहान यो-यो खिशात छान राहतो पण नवीन माणसाला दोरीवर पकडायला कठीण, दिसायलाही आणि उतरवायलाही. शिकण्यासाठी ५५ च ठेवा.

मिरामार_वारा

समजलं. मग अजून एक विचारतो, माझ्याकडे एक स्वस्त मेटल आहे तो फिरताना दोरीतून गुणगुणतो, बोटात जाणवतं. तुम्ही बनवणार त्यात हे नसणार ना? कारण मला तेच सगळ्यात जास्त खटकतं, बाकी यो-यो छान आहे.

लेथवाला

त्याला व्हाइब म्हणतात आणि त्याची मुळं बहुतेक दोन-तीन ठिकाणीच असतात. बेअरिंग सीट सैल, ॲक्सल वाकडा, नाहीतर अर्धाचा बाहेरचा गोल आणि आतला सीट एकाच केंद्रावर नाहीत. शेवटचं आमच्या हातात आहे. रिमला ०.१ ग्रॅमचा फरक एका बाजूला राहिला तर ६२ ग्रॅमच्या यो-योचा गुरुत्वमध्य ०.०४ मिमी सरकतो. ऐकायला काहीच नाही, पण हजारो आरपीएमवर बोट ते पकडतं.

उपाय म्हणजे सीट, भोक, टॅप आणि गॅपकडची भिंत हे सगळं एकाच सेटिंगमध्ये, जॉब न काढता. मग उलटून कपची बाजू करताना सॉफ्ट जॉ (जॉब धरणारे मऊ धातूचे जबडे) मशीनवरच बोअर करून घ्यायचे आणि डायल (बारीक फरक मोजायचं घड्याळ) लावून बघायचं. वेळ जातो. पण स्वस्तात बसवण्यासाठी मी इथे काटछाट करणार नाही, बॉक्स साधा देईन, रंग एकच देईन, सीटमध्ये नाही.

दोरीवाला

दादा इथे माझं थोडं वेगळं मत आहे. सीट अचूक हवी ते मान्य. पण फिरत्या यो-योला नख लावल्यावर जी बारीक कंपनं लागतात ती घालवण्यासाठी किंमत दुप्पट करू नका. निवांत खेळणाऱ्याला दोरीतून जाणवेल एवढा व्हाइब नको, नखाला जाणवणारा चालतो, त्याने खेळात काहीही फरक पडत नाही. ज्या पोराला जत्रेत यो-यो घ्यायचाय त्याच्या खिशाचा विचार आधी.

पेडणेकर_आजोबा

तुमचं सगळं वाचतोय. बोडगेश्वराच्या जत्रेत रबराची दोरी बांधलेला पाण्याचा चेंडू मिळतो त्यालाच आमची नातवंडं यो-यो म्हणायची, खरा यो-यो मी टीव्हीवर बघितला. आम्ही लाकडी भोवरे फिरवले, सावंतवाडीहून आणलेले, लाखेच्या रंगाचे. माझा प्रश्न सरळ आहे, धातूच कशाला? लाकडाचा किंवा प्लास्टिकचा करा, पडला तरी फुटत नाही, हाताला लागत नाही, स्वस्त पण.

दोरीवाला

आजोबा, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मी पण अगदी लहान मुलाला आधी प्लास्टिकच देतो. आधुनिक यो-यो सुरुवातीला बहुतेक लाकडाचेच होते. पेद्रो फ्लोरेस हे फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेले गृहस्थ, त्यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराला कंपनी काढली आणि लाकडी यो-यो विकले. त्यांच्या यो-योची खासियत म्हणजे दोरी ॲक्सलला गाठ मारून बांधायची नाही, वेढा घालून सैल ठेवायची, त्यामुळे यो-यो खाली जाऊन फिरत राहतो. तुमच्या भोवऱ्याचं फिरणं जमिनीवर, याचं दोरीवर.

धातूचं कारण असं. लाकूड पावसात फुगतं, एक बाजू जड होते, आपल्याकडे जून ते सप्टेंबर तर विचारायलाच नको. प्लास्टिक छान असतं पण त्यात वजन हवं तिथे नेणं कठीण, रिम जाड करावी लागते. धातूत ते ठरवून करता येतं. आणि बेअरिंग बसवायला अचूक सीट मिळते, १९९० मध्ये टॉम कुन यांच्या सिल्व्हर बुलेट २ मध्ये बेअरिंग आलं तेव्हापासून दोरीवरचे खेळ किती लांब गेले ते बघा. मोठ्या माणसाला, म्हणजे पंधरा-सोळाच्या पुढे, पहिलाच यो-यो धातूचा दिला तर तो वर्षानुवर्षं टिकतो, फक्त दोरी आणि पॅड बदलत राहायचं.

पेडणेकर_आजोबा

बरोबर. पावसात लाकडी भोवरा फुगून त्याची आर सैल व्हायची हे आठवलं. चालू द्या, एक माझ्यासाठी ठेवा.

डिचोलीकर

पावसाचं निघालंय म्हणून बेअरिंगबद्दल. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की बेअरिंग सॉल्व्हंटने धुऊन कोरडी ठेवा. आपल्याकडे क्रोम स्टीलची बेअरिंग कोरडी ठेवली तर श्रावणापर्यंत गंजते, खरखर आवाज येतो. स्टेनलेसची घ्या, आणि बारीक बेअरिंगमध्ये जाडसर तेल घाला, त्याचा दुहेरी फायदा आहे, गंज लागत नाही आणि जाड तेलाने यो-यो अजून सहज वर येतो. रुंद बेअरिंगला मात्र पातळ तेलाचा एकच थेंब, जास्त झालं तर बाइंडशिवाय वर यायला लागेल आणि खेळणारा गोंधळेल.

एक मात्र आहे, बारीकवाली बिनशील्डची, आपल्या रस्त्यावरची लाल धूळ थेट आत जाणार. तेल आणि धूळ मिळून लगदा होतो. मे महिन्यात धुऊन परत तेल घालावं लागेल हे कागदावर लिहून द्या.

शाळाबाई

पॅडबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या एका मुलाकडचा बारीक बेअरिंगवाला यो-यो इतका ओढतो की स्लीपच होत नाही, खाली पोचायच्या आधीच परत. त्यालाही कंटाळा आला.

लेथवाला

बाई हा मुद्दा एकदम महत्त्वाचा. २.९ गॅपला दोन्ही पॅड भिंतीच्या लेव्हलला असतील तर असंच होतं. माझा विचार आता असा झालाय की पॅड ०.२ मिमी आत बसवायचा, आणि रिस्पॉन्सिव्ह खेळताना पण दोन्ही बाजूंचे ठेवायचे. तरी जास्त ओढला तर एका बाजूचा पॅड काढा, निम्मी ओढ कमी होते, मग सवय झाल्यावर परत लावा.

दोरीवालाच्या आणि सगळ्यांच्या सूचना धरून ड्रॉइंग बदललं ते असं: व्यास ५५, रुंद बेअरिंगवर रुंदी ३८.५ आणि बारीकवर साधारण ३७, वजन ६१ च्या आत, कप खोल, रिमला १.५ ची गोलाई, दांडा १.४, व्यास अनोडायझिंगचा हिशोब धरून कमी, आटे ६ मिमी पकडीत आणि तळाला जागा. ब्लास्ट, एकच रंग, निळा. बेअरिंग दोन्ही स्टेनलेस. गॅपकडची भिंत बेअरिंगजवळ थोडी जास्त उतरती केली, म्हणजे कलंडलेल्या यो-योची दोरी उशिरा घासेल.

व्हाइबबद्दल दोरीवालाचं अर्धं ऐकतोय. डायलवर रनआउट (फिरताना केंद्रापासूनची डगमग) ०.०२ मिमीच्या आत आला की पास. त्याच्या खाली न्यायला वेळ घालवणार नाही, पण त्याच्या वर गेलेला एकही बाहेर देणार नाही.

दोरीवाला

०.०२ उत्तम. एक राहिलं, दोरी. पॉलिएस्टरच द्या, कॉटन दमट हवेत ओलसर होऊन जड होते आणि लवकर तुटते, सुटलेला मेटल यो-यो कुठे जाऊन लागेल सांगता येत नाही. पाकिटात जास्तीच्या दोऱ्या टाकाच, नवीन माणूस दोरी तुटेपर्यंत बदलत नाही. आणि लांबीचं चित्र काढून द्या: यो-यो जमिनीवर टेकवून दोरी बेंबीच्या जरा वर येईल तिथे कापायची, वर बोटासाठी फास. मुलांना कारखान्याची पूर्ण लांबी दिली की यो-यो जमिनीवर आपटतो आणि रिमची सगळी मेहनत वाया.

शाळाबाई

फास बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये, मधल्या बोटाला, हे पण चित्रात दाखवा. मुलं शेवटच्या पेरात घालतात आणि बोट काळंनिळं होतं. चित्र मी काढून पाठवते, आमच्या शाळेतल्या मुलांकडून काढून घेते, मराठीत आणि कोंकणीत दोन्हीत लिहून.

लेथवाला

पाठवा बाई, छापून प्रत्येक पाकिटात घालतो. पुढच्या आठवड्यात बार कापायला घेतोय, पहिले नग निघाले की वाळपईला, म्हापशाला आणि पेडण्याला पोचवतो. डिचोलीकर, अनोडायझिंगला देण्याआधी दांड्याचा व्यास ६.३३ ठेवू की ६.३२ तेवढं सांगा, थर तुमच्याकडे किती मायक्रॉनचा बसतो त्यावर आहे.

डिचोलीकर

१२ मायक्रॉन सांगून घ्या आणि ६.३३ ठेवा. आधी तुकड्यावर दांडा वळवून एकच पीस पाठवा, अनोडाइझ करून मायक्रोमीटरने मोजून परत देतो, मग बाकीचे काढा.